अमृताची तीन पदे

भोपाळहून ईशान्येकडे निघालेला प्रवासी सांचीची टेकडी मागे टाकून सुमारे ५५ किलोमीटरांवर विदिशेला पोहोचतो. शहराबाहेर बेतवा आणि बेस या नद्यांच्या परिसरात बेसनगर नावाचे एक खेडे आहे. पूर्वीची वैभवशाली विदिशा नगरी ती हीच. कालिदासाच्या मेघाने जिच्या तीराशी पाणी प्यावे, अशी वेत्रवती म्हणजे ही बेतवा. खेड्याजवळ, बेस नदीच्या पलीकडे, एका चौथऱ्यावर दगडी खांब उभा आहे. खाली तो अष्टकोनी आहे; वर जाता जाता त्याचे सोळा आणि मग बत्तीस पैलू होतात आणि शेवटी तो गोल होतो. त्याच्या माथ्यावर एके काळी गरुड होता. तो आज नाही. आसपासचे लोक पिढ्यान्‌पिढ्या या खांबाला 'खांब बाबा' म्हणत आले, त्याला शेंदूर लावत आले आणि त्याच्यापुढे नवस बोलत आले. या शेंदराच्या पुटांखाली तीन शब्द झाकलेले होते. कर्तव्य आणि संन्यास यांचा जो वाद आपल्या धर्मग्रंथांत अखंड चालत आला आहे, त्याचे एक अत्यंत प्राचीन आणि अत्यंत संक्षिप्त उत्तर त्या तीन शब्दांत आहे.

१८७७ साली जनरल कनिंगहॅम हा पुरातत्त्वज्ञ येथे आला. खांबाची घडण त्याला आवडली. परंतु शेंदराचा थर इतका जाड होता, की त्याखाली काही लिहिलेले असेल याचा त्याला पत्ता लागला नाही. पैलूंच्या धाटणीवरून हा खांब गुप्तकाळातील असावा, असा तर्क करून तो पुढे गेला. पुढे १९०९ साली जॉन मार्शल यांच्या भेटीच्या वेळी ग्वाल्हेर संस्थानचे अभियंते लेक यांना खांबाच्या खालच्या भागावर अक्षरे असल्याचा भास झाला. शेंदूर खरवडला गेला आणि ब्राह्मी लिपीतील ओळी उजेडात आल्या. विद्वानांनी त्या वाचल्या तेव्हा सर्वच थक्क झाले. कनिंगहॅमने मानला होता त्याहून हा खांब कित्येक शतके जुना निघाला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. आणि तो उभारणारा मनुष्य होता एक ग्रीक.

लेखाची भाषा प्राकृत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: देवांचाही देव जो वासुदेव, त्याचा हा गरुडध्वज हेलिओडोरस या भागवताने उभारविला. हा हेलिओडोरस दिऑन याचा पुत्र, तक्षशिलेचा रहिवासी; महाराज अँटिआल्किडस याच्याकडून काशीपुत्र भागभद्र राजाच्या दरबारी आलेला यवन दूत. भागभद्राच्या राज्याचे ते चौदावे वर्ष होते. याखाली दुसऱ्या लेखात तीन अमृतपदांचा उल्लेख आहे. ती नीट आचरली असता मनुष्याला स्वर्गाला नेतात, असे सांगून लेख त्यांची नावे देतो: दम, चाग आणि अप्रमाद. 'चाग' हे 'त्याग' या शब्दाचे प्राकृत रूप होय.

या लेखातील प्रत्येक तपशील विचार करण्याजोगा आहे. हेलिओडोरस या नावाचा अर्थ 'सूर्याने दिलेला'. वासुदेवाचा भक्त झाल्यावरही त्याने हे ग्रीक नाव टाकले नाही. पित्याचे नाव लपविले नाही, गावाचे नाव लपविले नाही, आपण कोणाचे सेवक आहोत हेही लपविले नाही. तो विदिशेला आला तो एका राजाचे काम घेऊन. राजदूताचे काम म्हणजे शब्द तोलून बोलण्याचे, दोन सत्तांमधील विश्वास सांभाळण्याचे, स्वतःच्या इच्छेला मुरड घालून धन्याचा हेतू साधण्याचे. असल्या कामात गुंतलेला मनुष्य स्वतःला 'भागवत' म्हणवितो, वासुदेवाचा ध्वज उभारतो आणि त्या ध्वजावर त्यागाचा उच्चार करतो. त्याने आपले पद सोडले, चाकरी सोडली किंवा अरण्याची वाट धरली, असे शिलालेख सांगत नाही. उलट आपले पद तो ठसठशीतपणे कोरून ठेवतो. मग हा त्याग कोणता?

येथे एका भाषिक गोष्टीकडे लक्ष देणे अवश्य आहे. पाली आणि प्राकृत भाषांत 'चाग' या शब्दाचा अर्थ केवळ सोडणे एवढाच नाही. औदार्य, देणे, हात मोकळा ठेवणे, हाही त्याचा अर्थ आहे. आपल्याजवळ जे आहे त्यावरची मूठ सैल करणे म्हणजे चाग. सोडणारा मनुष्य वस्तूकडे पाठ फिरवितो. देणारा मनुष्य दुसऱ्याकडे तोंड करतो. खांबावरील त्यागाला ही दुसरी छटा आहे आणि म्हणूनच तो एका अधिकारी पुरुषाला शोभतो. त्याच्या एका बाजूला 'दम' आहे, म्हणजे इंद्रियांवरचा ताबा; आणि दुसऱ्या बाजूला 'अप्रमाद' आहे, म्हणजे अखंड सावधपणा, कामात ढिलाई न होऊ देणे. दमावाचून केलेले दान मिरविण्यासाठी होते आणि अप्रमादावाचून केलेला त्याग आळसाचे दुसरे नाव ठरतो. तिन्ही पदे एकमेकांना धरून उभी आहेत.

हे तीन शब्द हेलिओडोरसला कोठून मिळाले? खांबावर ग्रंथाचे नाव नाही. परंतु महाभारतात हेच तीन गुण, याच क्रमाने, दोन ठिकाणी एकत्र येतात आणि ती दोन ठिकाणे पाहिली म्हणजे मन गंभीर होते. पहिले स्थळ उद्योगपर्वातील. युद्धाच्या आधीची रात्र नव्हे, पण युद्ध टाळता येईल अशा शेवटच्या रात्रींपैकी ती एक आहे. धृतराष्ट्राला झोप नाही. विदुर त्याच्याजवळ बसून नीती सांगतो आणि पुढे सनत्सुजात ऋषी येऊन त्या अंध राजाला मृत्यू आणि अमृतत्व यांचे रहस्य समजावितो. दम, त्याग आणि अप्रमाद यांच्या ठायी अमृत साठविलेले आहे, असे तो सांगतो. दुसरे स्थळ स्त्रीपर्वातील. आता युद्ध संपले आहे. शंभर पुत्र गेले आहेत. विदुर पुन्हा त्याच राजाचे सांत्वन करतो आणि पुन्हा त्याच तीन गुणांचे नाव घेतो. या वेळी ते ब्रह्माच्या रथाचे तीन घोडे म्हणून येतात. शीलाचे लगाम हाती धरून त्या रथावर जो चढतो, त्याला मृत्यूचे भय उरत नाही.

उपदेश एकच, श्रोता एकच. मध्ये अठरा दिवसांचा संहार. धृतराष्ट्राला ज्ञानाची वाण नव्हती. सांगणारे थोर होते आणि ऐकणाराही बुद्धिमान होता. त्याला उणे पडले ते एवढेच, की पुत्रावरील मोहाची मूठ त्याला सैल करता आली नाही. राजा म्हणून आज्ञा देऊन दुर्योधनाला आवरावे, तर ते कर्तव्य त्याच्याने झाले नाही. आणि हे आपल्याने होत नाही म्हणून सिंहासनावरून उतरावे, तर तो त्यागही त्याच्याने झाला नाही. कर्तव्य आणि त्याग ही दोन परस्परविरोधी टोके आहेत, असे सामान्यतः समजले जाते. धृतराष्ट्राची कथा याच्या उलट साक्ष देते. ज्याच्याने त्याग होत नाही त्याच्याने कर्तव्यही होत नाही, असे ती सांगते.

याच महाभारतात दुसरा एक पुरुष अगदी विरुद्ध दिशेने चुकावयास निघाला होता. अर्जुनाला रणांगणावर एकाएकी संन्यासाची ओढ लागली. भिक्षा मागून राहणे बरे, असे तो म्हणू लागला. वरवर पाहता ही वैराग्याची भाषा होती. परंतु गीतेचा सारा खटाटोप हे वैराग्य तपासून पाहण्यासाठी आहे. अठराव्या अध्यायात अर्जुन संन्यास आणि त्याग यांतील भेद विचारतो आणि श्रीकृष्ण त्यागाचे तीन प्रकार करून दाखवितो. विहित कर्म मोहाने टाकून देणे हा तामस त्याग. शरीराला कष्ट होतात या भीतीने ते टाकणे हा राजस त्याग. आणि कर्म करीत राहून त्याची आसक्ती व फळाची अपेक्षा टाकणे हा सात्त्विक त्याग. पहिल्या दोन प्रकारांत कर्म जाते आणि 'मी' तसाच उरतो. तिसऱ्यात कर्म उरते आणि 'मी' गळून पडतो. अर्जुनाने काय सोडावे, याचे उत्तर धनुष्य हे नव्हते. धनुष्य हाती असताना मनाला चिकटलेले 'माझे' सोडावयाचे होते.

परंतु हे सोडणे साधावे कशाच्या बळावर? नुसते 'फळाची आशा धरू नको' असे सांगून मनुष्याची आशा सुटत नाही. येथे गीता वासुदेवाच्या स्वरूपाकडे वळते. ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहतो, तोच सर्वांचा आत्मा आहे. आणि ज्याला काही मिळवावयाचे उरलेले नाही असा तो स्वतः अखंड कर्म करीत आहे. हे ज्याला पटले, त्याचे आपपरभावाचे कुंपण हळूहळू खाली येते. जे आपल्या आत आहे तेच समोरच्याच्या आत आहे, असे दिसू लागले म्हणजे देणे हे तोट्याचे वाटत नाही आणि काम हे ओझे वाटत नाही. आत्मविचार, त्याग आणि कर्तव्य ही गीतेत वेगवेगळी प्रकरणे नाहीत. पहिल्याच्या प्रकाशात दुसरे शक्य होते आणि दुसऱ्यामुळे तिसरे निर्मळ होते.

हेलिओडोरसने गीता वाचली होती, असे यावरून कोणी म्हणू नये. तसा पुरावा नाही. पण वासुदेवाची उपासना त्याच्या काळी दूरवर पसरलेली होती, हे निश्चित. पाणिनीच्या सूत्रात वासुदेव आणि अर्जुन यांच्या भक्तांसाठी शब्द सिद्ध केलेला आहे. अफगाणिस्तानातील आई खानूम या ग्रीक नगरीच्या उत्खननात १९७० साली अगॅथोक्लीस या ग्रीक राजाची नाणी मिळाली. त्यांवर वासुदेव आणि संकर्षण यांच्या आकृती आहेत आणि ती हेलिओडोरसच्याही आधीची आहेत. खुद्द बेसनगरला १९१३ ते १९१५ या काळात देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी उत्खनन केले. पुढे १९६३ ते १९६५ या वर्षांत म. द. खरे यांनी तेथेच पुन्हा खणले, तेव्हा लंबवर्तुळाकार मंदिराचा पाया आणि एका ओळीत उभ्या असलेल्या स्तंभांच्या जागा सापडल्या. म्हणजे हा ग्रीक दूत एखाद्या ओसाड माळावर एकटा उभा नव्हता. एका जुन्या, नांदत्या देवालयाच्या दारी त्याने आपला ध्वज रोवला होता.

बेसनगरचा हा खांब आणि सांचीचा स्तूप यांच्यात अंतर सुमारे दहा किलोमीटरांचे. स्तूपाच्या टेकडीवर भिक्षूंचे विहार होते. घर सोडून, केस उतरवून, संघात प्रवेश करणे हा तेथला त्याग. टेकडीवरून दिसणाऱ्या सपाटीवर भागवतांचे देवालय होते आणि तेथे एक राजदूत पदावर राहून त्यागाचे नाव घेत होता. त्यागाच्या या दोन वाटा एकाच काळी, एकाच नगरीच्या परिसरात नांदत होत्या. यांत एक खरी आणि दुसरी खोटी, असा निवाडा करण्याचे कारण नाही. अप्रमाद हा शब्द बौद्धांनाही तितकाच प्रिय आहे. तथागतांच्या अंतिम उपदेशात तोच गाभा म्हणून सांगितला जातो. शिवाय सांचीचे दगड बारकाईने पाहिले तर तेथेही संसारी माणसांचे हात दिसतात. कठड्यांवर आणि तोरणांवर शेकडो लहान लहान दानलेख आहेत. त्यांत भिक्षू व भिक्षुणी आहेत, तसेच गृहस्थ, व्यापारी आणि कारागीर आहेत. दक्षिण तोरणावरील एक कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी केले, असे तेथेच लिहिलेले आहे. ज्यांनी घर सोडले त्यांच्या टेकडीलाही, ज्यांनी घर सोडले नाही त्यांच्या चागाचा आधार होता. हीच परंपरा फार पुढे, वेगळ्या धर्माच्या राज्यातही चालू राहिली. सांची भोपाळ संस्थानात होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मार्शल यांनी तिचा जीर्णोद्धार केला, तेव्हा त्या कामी भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी द्रव्य दिले. आपल्या राज्यातील दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाची राखण करणे हा त्यांनी राजधर्म मानला.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. किंबहुना त्याचे एक उत्तर सह्याद्रीच्या कड्यातही कोरलेले आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांचा जो मोठा लेख आहे, तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्याच्या आरंभी ज्या देवतांना वंदन आहे, त्यांत संकर्षण आणि वासुदेव आहेत. हा लेख सातकर्णीची राणी नागनिका हिचा, असे विद्वान मानतात. पतीच्या मागे लहान पुत्रांच्या नावाने तिने राज्यकारभार पाहिला, असेही ते मानतात. लेखात यज्ञांची आणि दानांची लांब यादी आहे: गाई, घोडे, हत्ती आणि हजारो कार्षापण. त्याच लेखात त्या राणीचे वर्णन करताना, महिना महिना उपवास करणारी, ब्रह्मचर्य पाळणारी आणि 'गृहतापसी', असे शब्द येतात. घरात राहून तपस्विनी! बेतवेच्या काठी राजदूताने जे तीन शब्दांत सांगितले, ते घाटमाथ्यावर एकाच शब्दात सांगितलेले आहे. राज्याची राखण करणारी स्त्री तापसी होऊ शकते, हे महाराष्ट्राच्या पहिल्या मोठ्या राजकुळाला ठाऊक होते.

परंतु ठाऊक असलेली गोष्ट समाज विसरतो आणि मग त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. आपेगावच्या विठ्ठलपंतांची कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. परंपरा सांगते, की वैराग्याच्या भरात पत्नीला मागे टाकून त्यांनी काशीला संन्यास घेतला. पुढे गुरूंना हे समजले तेव्हा त्यांनी शिष्याला परत पाठविले आणि गृहस्थधर्म स्वीकारावयास लाविला. गुरूंचा न्याय स्पष्ट होता: जबाबदारी टाकून घेतलेला संन्यास हा संन्यास नव्हे. पण समाजाचा न्याय निराळा पडला. संन्यासी संसारात परतला, हा त्याच्या दृष्टीने महापराध होता. कुटुंब वाळीत पडले. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता ही चार मुले 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणविली गेली. त्याग म्हणजे काय, हा प्रश्न त्या मुलांसाठी पोथीतला नव्हता. त्यांच्या घराची राखरांगोळी त्याच प्रश्नावर झाली होती.

म्हणूनच त्या चौघांपैकी एकाने शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे गीतेवर टीका पूर्ण केली, तेव्हा स्वधर्माचरणाला तिने दिलेला मान केवळ पांडित्याचा राहत नाही. विहित कर्म सोडून देवाकडे जाण्याची वाट ज्ञानदेव दाखवीत नाहीत. आपल्या वाट्याला आलेले कर्म हेच सर्वात्मक ईश्वराला वाहावयाचे फूल, अशी त्यांची धारणा आहे. ज्या समाजाने त्यांना बाहेर ठेविले, त्याच समाजाच्या हाती त्यांनी हा विचार त्याच्या भाषेत दिला. कटुतेचा लवलेशही न ठेवता दिला. दम, त्याग आणि अप्रमाद यांचे याहून मोठे उदाहरण दाखविणे कठीण आहे.

विसाव्या शतकात हाच वाद पुन्हा पेटला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१० - ११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले आणि ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. गीतेचे तात्पर्य कर्मसंन्यासात आहे, हे शांकर संप्रदायाचे मत त्यांनी अमान्य केले आणि ज्ञानोत्तरही लोकसंग्रहासाठी कर्म केलेच पाहिजे, हा पक्ष मांडला. त्यावर विद्वानांत खूप खंडनमंडन झाले आणि ते आजही सर्वस्वी मिटलेले नाही. योगायोग असा, की पुण्यात हा ग्रंथ छापला जात होता त्याच हंगामांत देवदत्त भांडारकर बेसनगरची माती उपसत होते. त्यांचे पिता रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी वासुदेवभक्तीच्या उगमाविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १९१३ साली प्रकाशित केला होता. एक मराठी पुरुष कोठडीत बसून गीतेचा अर्थ शोधीत होता, दुसरे पितापुत्र शिलालेखांतून आणि जमिनीतून त्या धर्माचा इतिहास शोधीत होते. मार्ग भिन्न होते. पण तिघांच्याही कामात अप्रमाद सारखाच होता.

आता बेतवेच्या प्रवाहाविरुद्ध उलट वर यावे. भोपाळपासून सुमारे २८ किलोमीटरांवर, याच नदीच्या काठी, भोजपूरचे शिवालय आहे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यावर राज्य करणाऱ्या परमार भोजाशी त्याचे नाव जोडलेले आहे. भोपाळच्या मोठ्या तलावाचे श्रेयही लोकपरंपरा त्यालाच देते. भोजाने आयुष्यभर लढाया केल्या, नगरे वसविली, वास्तुशास्त्रावर व काव्यशास्त्रावर ग्रंथ रचिले. आणि याच कर्त्या राजाच्या नावावर पतंजलीच्या योगसूत्रांवरील 'राजमार्तंड' ही वृत्ती आहे. अभ्यास आणि वैराग्य यांनी चित्त शांत होते आणि मग द्रष्टा आपल्या मूळ स्वरूपात राहतो, हा ज्या शास्त्राचा विषय, त्यावर सिंहासनावरील पुरुष लिहितो. 'तत्त्वप्रकाश' या त्याच्या शैव ग्रंथात पती, पशू आणि पाश या तीन तत्त्वांचा विचार आहे. बद्ध जीव मूळचा शिवस्वरूपच आहे, पाश सुटले की ते स्वरूप प्रकट होते, ही त्या दर्शनाची शिकवण. वैराग्याविषयी लिहिण्यासाठी भोजाने राज्य सोडले नाही आणि राज्य करीत असताना आत्म्याचा विचार पुढच्या वयावर ढकलला नाही.

भोजपूरच्या गाभाऱ्यात एकाच दगडातून घडविलेले प्रचंड शिवलिंग आहे. नुसते लिंगच साडेसात फूट उंच असून त्याचा घेर सतरा फुटांहून अधिक आहे. देवळाच्या मागे अवजड शिळा वर चढविण्यासाठी घातलेला मातीचा उतार आजही दिसतो. भोवतालच्या खडकावर स्थपतींनी आखलेले देवळाचे आराखडे आहेत. पण शिखर नाही. देऊळ अपुरेच राहिले. भोजाच्या अखेरच्या काळात गुजरातचे चालुक्य आणि त्रिपुरीचे कलचुरी यांनी दोन्ही बाजूंनी त्याला घेरले आणि त्याचे वैभव मावळले. खडकावरच्या रेषा मात्र हजार वर्षे तशाच आहेत. काम पुरे होणे न होणे मनुष्याच्या हाती नसते. रेषा सरळ आखणे त्याच्या हाती असते. ज्या अज्ञात स्थपतीने त्या रेषा आखल्या, त्याने त्या अशा आखल्या आहेत, की जणू शिखर उद्या चढणार आहे. फळाची आशा टाकून केलेले कर्म कसे असते, हे पाहावयाचे असेल तर गीतेच्या पोथीबरोबर हा खडकही वाचावा.

एकाच नदीच्या काठी उभ्या असलेल्या या दोन साक्षी, एक पुऱ्या झालेल्या ध्वजाची आणि एक अपुऱ्या राहिलेल्या देवळाची. दोघांच्याही मागे राजकारणात बुडालेली माणसे होती. आजचा मनुष्य कचेरीत असो, शेतात असो वा गिरणीत असो, त्याची अडचण याहून फारशी निराळी नाही. मुलांची शिक्षणे, वृद्धांची दुखणी, वरिष्ठांचा रोष आणि हाताखालच्यांची गाऱ्हाणी यांत तो गुरफटलेला असतो आणि कधी तरी थकून त्याला वाटते, की हे सारे टाकून कोठे तरी निघून जावे. देवधर्म मग निवांतपणे पाहता येईल. हा विचार मनात येणे पाप नव्हे. पण तो आला असता स्वतःला एक प्रश्न विचारणे हिताचे आहे: जे टाकावेसे वाटते ते काम आहे, की कामातला आपला अहंकार, अपेक्षा आणि भीती? काम टाकले आणि ही तीन बरोबर नेली, तर अरण्यही घरासारखेच होते. ही तीन टाकली आणि काम ठेविले, तर घरालाही तपोवनाची कळा येते.

ज्यांना घर सोडण्याचीच हाक खरोखर आली, त्यांची वाट धर्माने बंद केलेली नाही. सांचीची टेकडी त्याची साक्ष आहे. परंतु बहुतेकांना ती हाक येत नाही आणि त्यांनी स्वतःला धर्माच्या दारातून परत गेलेले समजू नये. त्यांच्यासाठीच एका परदेशी दूताने, परक्या राजाच्या नगरीत, आपल्या देवाच्या अंगणात तीन शब्द कोरून ठेविले. खांबावरचा गरुड केव्हाच उडून गेला. भागभद्राचे राज्य गेले, अँटिआल्किडसचे राज्य गेले, तक्षशिला ओसाड झाली. अमृताची पदे म्हणून जी कोरली होती, ती तीन मात्र शेंदराखाली झाकली जाऊनही पुसली गेली नाहीत. खांब बाबाला हात जोडणाऱ्या भाबड्या भाविकाला ती वाचता येत नव्हती. पण दिवसभराचे काम उरकून, घरची चार माणसे पोसून, त्यातूनच एक नारळ घेऊन तो तेथे येत होता. त्या शब्दांचा अर्थ त्याच्या आचरणात उतरलेलाच होता.